बारा पुस्तकांची वाचनयादी कशी बांधायची

शाळा-कॉलेजातल्या नेमलेल्या पुस्तकांपलीकडे काही वाचायचं ठरवलं की पहिल्यांदा हाती पडते ती 'आयुष्यात वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं' छापाची यादी. ती बहुधा पाचव्या-सहाव्या पुस्तकापाशी थांबते. त्याचं खापर वाचणाऱ्याच्या आळसावर फुटतं, पण खरी अडचण यादीतच असते. त्या पुस्तकांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. एक संपलं की दुसरं कोऱ्या पाटीवर सुरू करावं लागतं, आणि दर वेळी नवा प्रदेश, नवा काळ, नवी माणसं समजून घेण्याचे कष्ट पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून इथे सांगितलेली रीत एका गोष्टीवर उभी आहे: पुस्तकं एकेकटी निवडू नका, जोड्यांनी निवडा. जोडीत एक गोष्ट सारखी हवी आणि बाकीच्या शक्य तितक्या वेगळ्या. असं केलं की पहिलं पुस्तक दुसऱ्याची वाट मोकळी करतं आणि यादीत विविधता आपसूक येते.

आधी पानांचा हिशेब

यादीला हात घालण्यापूर्वी घड्याळ लावा. एखादी मध्यम कठीण मराठी कादंबरी घेऊन वीस मिनिटं नेहमीच्या वेगाने वाचा आणि पानं मोजा. समजा दहा पानं झाली. रोज अर्धा तास मिळतो असं धरलं तर दिवसाला पंधरा पानं, आठवड्याचे पाच दिवस धरले तर पंच्याहत्तर, आणि वर्षाचे ४८ आठवडे धरले तर ३,६०० पानं. यातली चौथाई सरळ वजा करा. लग्नसराई, परीक्षा, आजारपण, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरात येणारे दिवाळी अंक हे सगळं त्या चौथाईत जातं. उरली २,७०० पानं. सरासरी सव्वादोनशे पानांचं पुस्तक धरलं तर बारा पुस्तकं. महिन्याला एक.

हीच मोजणी हिंदी आणि इंग्रजीसाठी वेगळी करा. बरेच मराठी वाचक इंग्रजी कादंबरी मराठीच्या निम्म्या वेगाने वाचतात, आणि हे लक्षात न घेता यादीत सहा इंग्रजी पुस्तकं घातली की मार्चपर्यंत गाडी रुतते. निम्मा वेग असेल तर दोनशे पानांचं इंग्रजी पुस्तक हिशेबात चारशेचं धरा.

वाचलेलं लिहून काढा

एका वहीत, आठवतील तेवढ्या कादंबऱ्या आणि कथासंग्रह उतरवा. प्रत्येकासमोर चार गोष्टी: मूळ भाषा, पहिल्या प्रकाशनाचं वर्ष, लेखक स्त्री की पुरुष, आणि गोष्ट कुणाच्या बाजूने सांगितली आहे. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. शेताचा मालक सांगतोय की त्या शेतावर राबणारा? शहरातून आलेला सांगतोय की गावातच जन्मलेला?

आपल्याकडच्या वाचकांची वही साधारण एकाच बाजूला कललेली निघते. 'स्वामी' (१९६२), 'मृत्युंजय' (१९६७), 'ययाति' (१९५९) ही असतातच. म्हणजे इतिहास-पुराणांवरच्या कादंबऱ्या, त्याही जवळपास एकाच दशकातल्या. ही पुस्तकं वाईट आहेत असं मुळीच नाही. पण यादीची ती जागा भरलेली आहे, तिथे आणखी भर नको. महाभारत फारच आवडत असेल तर कन्नडमधली एस. एल. भैरप्पांची 'पर्व' (१९७९) घ्या. उमा कुलकर्णींचा थेट कन्नडवरून केलेला मराठी अनुवाद उपलब्ध आहे. चमत्कार बाजूला काढून, थकलेल्या माणसांच्या आठवणींतून महाभारत उभं केलंय. 'मृत्युंजय'मधला कर्ण डोक्यात ताजा असताना 'पर्व'मधला कर्ण वाचला तर जोडी म्हणजे काय ते लगेच कळेल. फक्त पुस्तक जाड आहे, त्याला दोन महिने द्या.

अभिजात कशाला म्हणायचं यावर फार वेळ घालवू नका. कामापुरती कसोटी एवढीच: पुस्तक येऊन किमान तीस वर्षं झालीत, ते अजून छापलं जातंय, आणि नंतरच्या लेखकांना त्याच्याशी सहमत होऊन किंवा भांडून पुढे जावं लागलंय. यादीत दोन जागा मात्र या कसोटीत न बसणाऱ्या, अलीकडच्या पुस्तकांसाठी राखून ठेवा.

जोडी कशी जुळवायची

विषयाच्या नावावरून जोडी जुळवू नका. 'खेडं', 'प्रेम', 'युद्ध' हे विषय इतके मोठे आहेत की त्यात काहीही बसतं. त्याऐवजी कथेतली ठोस परिस्थिती पकडा.

उदाहरण घ्या. शिकलेला तरुण बाहेरून एका वस्तीत शाळा चालवायला येतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) हीच आहे: माणदेशातली धनगरांची वस्ती, नवा मास्तर, आणि मुलं शाळेत आली तर मेंढरामागे कोण जाणार हा अगदी रास्त प्रश्न. मल्याळममध्ये ओ. व्ही. विजयन यांची 'खसाक्किंटे इतिहासम्' (१९६९) हीच परिस्थिती घेते. पालक्काडच्या बाजूचं गाव, एकशिक्षकी शाळा, रवी नावाचा तरुण, आणि शाळेला विरोध करणारा गावातला मुल्ला. परिस्थिती एकच, पण पुस्तकं दोन टोकांना. माडगूळकरांचा मास्तर 'मी' म्हणून सांगतो, कमी शब्दांत, जे दिसलं तेवढंच. विजयन गावातल्या दंतकथा, भुतंखेतं, मशिदी, देवचार सगळं गोष्टीत ओढून आणतात आणि रवीच्या मनातलं ओझं त्यात मिसळतात. 'बनगरवाडी' आधी वाचा. दीडशे पानांच्या आत संपते, आणि मग खसाकमध्ये शिरताना शाळा हा धागा हातात असतो. धागा नसेल तर पहिल्या पन्नास पानांतल्या माणसांच्या गर्दीत नवा वाचक हमखास हरवतो. विजयन यांनी स्वतः या कादंबरीचं इंग्रजी केलंय, आणि ते करताना मूळ मजकुरात बरेच बदल केलेत, हे माहीत असू द्या.

बाहेरून गावात येणाऱ्याची ही परिस्थिती हिंदीतही दोनदा फार ताकदीने आली आहे. फणीश्वरनाथ रेणूंच्या 'मैला आँचल'मध्ये (१९५४) पूर्णिया जिल्ह्यातल्या मेरीगंजला डॉक्टर येतो. श्रीलाल शुक्लांच्या 'राग दरबारी'त (१९६८) तब्येत सुधारायला रंगनाथ शिवपालगंजला मामाकडे येतो. जोडीची गोडी लागली तर या दोन्ही पुढच्या वर्षासाठी ठेवा.

दुसरं उदाहरण पाण्यावरच्या माणसांचं, आणि इथे एक प्रश्न हातात धरून वाचण्यासारखं आहे: होडी कुणाची? माणिक बंद्योपाध्यायांच्या बंगाली 'पद्मा नदीर माझी'मध्ये (१९३६) कुबेर रात्रभर मासे धरतो, पण होडी त्याची नाही. त्यामुळे पकडलेल्या माशातला त्याचा वाटा दुसरा ठरवतो, आणि दूरच्या बेटावर नवी वस्ती वसवणाऱ्या होसेन मियाँचा मोह त्याला का पडतो ते त्यातूनच कळत जातं. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या मल्याळम 'चेम्मीन'मध्ये (१९५६) करुत्तम्माच्या बापाला स्वतःची होडी आणि जाळी हवीत. त्यासाठी तो मुलीवर जीव असलेल्या परीक्कुट्टीकडूनच पैसे घेतो आणि पुढचा सगळा गुंता त्या व्यवहारातून सुरू होतो. अर्नेस्ट हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'मधल्या (१९५२) म्हाताऱ्याची होडी त्याची स्वतःची आहे, तो एकटाच आहे, आणि चौऱ्याऐंशी दिवस त्याला मासा लागलेला नाही. हे शेवटचं पुस्तक पु. ल. देशपांड्यांनी 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणलं आहे. तीन भाषा, तीन किनारे, आणि एका साध्या प्रश्नाने तिन्ही कादंबऱ्यांचं अर्थकारण उघडं पडतं. एरवी 'चेम्मीन' ही नुसती प्रेमकथा म्हणून आणि हेमिंग्वे नुसता जिद्दीचा धडा म्हणून वाचून संपतो.

असा प्रश्न पुस्तक उघडण्याआधीच ठरवता येतो. पैसा कुणाच्या हातात आहे? घर सोडून जायची मुभा कुणाला आहे? गोष्ट सांगणाऱ्याला काय दिसत नाही? यातला एक कोणताही पुरे.

बारांचा साचा

आता प्रमाण ठरवा. नव्या वाचकासाठी आम्ही हे सुचवतो: मराठी पुस्तकं जास्तीत जास्त चार, इतर भारतीय भाषांतली किमान पाच, भारताबाहेरची दोन-तीन. बारांपैकी किमान चार लेखिका. १९३० पूर्वीची किमान तीन, २००० नंतरची किमान दोन. कथासंग्रह दोन. चारशे पानांवरची दोनच.

हा साचा लावून केलेला पहिला मसुदा असा दिसू शकतो:

- 'बनगरवाडी' आणि 'खसाक्किंटे इतिहासम्': वस्तीत आलेला मास्तर.
- 'पद्मा नदीर माझी' आणि 'एका कोळियाने': होडी कुणाची.
- फकीरमोहन सेनापतींची ओडिया 'छ माण आठ गुंठ' (पुस्तकरूपात १९०२) आणि प्रेमचंदांचं 'गोदान' (१९३६): जमीन आणि कर्ज.
- अमृता प्रीतम यांची पंजाबी 'पिंजर' (१९५०) आणि सआदत हसन मंटो यांच्या निवडक कथा: फाळणी.
- हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' आणि जेन ऑस्टेनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३): लग्नावर ठरणारं बाईचं आयुष्य.
- कविता महाजन यांची 'ब्र' (२००५) आणि बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांचा 'हार्ट लॅम्प' हा इंग्रजी अनुवाद: आजच्या बायका, पंचायत आणि घर.

ही यादी आकड्यांत बसते. पण वहीतला चौथा रकाना लावून पाहा: जातीच्या उतरंडीत तळाला ढकललेल्या माणसाने स्वतः लिहिलेलं यात एकही पुस्तक नाही. खेडं, शेत, कोळीवाडा सगळं आहे, पण बहुतेक वेळा थोड्या वरच्या पायरीवरून पाहिलेलं. ही चूक अगदी जाणत्या यादीतही राहून जाते, कारण दलित जीवन 'विषय' म्हणून आलेलं असतं आणि त्यामुळे जागा भरल्यासारखी वाटते.

दुरुस्ती एका बदलाने होते. 'गोदान' राखीव यादीत टाका आणि तिथे अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' (१९५९) आणा. बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली ही कादंबरी वारणेच्या खोऱ्यातल्या मांग समाजातल्या, इंग्रजी सत्तेला आणि दुष्काळाला भिडणाऱ्या नायकाची आहे. जोडी आता आणखी धारदार झाली. सेनापतींच्या कादंबरीत रामचंद्र मंगराज हा सावकार-जमीनदार एका विणकर जोडप्याची जमीन कशी गिळतो ते निवेदक साळसूदपणे, वरवर त्याची स्तुती करत सांगतो. अण्णा भाऊ त्याच्या अगदी उलट, उघड बाजू घेऊन, वेगाने सांगतात. एकीकडे जमीन जाते कशी, दुसरीकडे जमीन कधी नव्हतीच त्यांनी काय करायचं. सेनापतींच्या निवेदकावर विश्वास ठेवायचा नाही, एवढी सूचना पहिल्यांदा वाचणाऱ्याला पुरेशी आहे. तो मंगराजाला धर्मात्मा म्हणतो तेव्हा कान टवकारायचे.

'गोदान'सोबत राखीव यादीत आणखी तीन ठेवा: विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९), यू. आर. अनंतमूर्तींची कन्नड 'संस्कार' (१९६५) आणि टॉलस्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' (१८८६). तिन्ही छोट्या आहेत. मूळ यादीतलं एखादं मिळालं नाही किंवा जमलं नाही तर यातलं एक उचलायचं.

पुरस्कारांच्या यादीवरून निवड करण्याचा मोह होतो, तो आवरा. साहित्य अकादमी दर वर्षी २४ भाषांना पुरस्कार देते आणि ती नावं उपयोगी आहेतच, पण पुरस्कार नेहमी लेखकाच्या सर्वांत महत्त्वाच्या पुस्तकाला मिळतो असं नाही. भालचंद्र नेमाड्यांना अकादमीचा पुरस्कार 'टीकास्वयंवर' या समीक्षाग्रंथासाठी मिळाला, 'कोसला'साठी (१९६३) नव्हे. नुसत्या पुरस्कारांवर चाललात तर 'कोसला' हातातून सुटेल.

आणखी एक गफलत वारंवार होते. 'बळुतं', 'स्मृतिचित्रे' ही आत्मकथनं कादंबऱ्यांच्या यादीत टाकली जातात. दोन्ही वाचाच, पण यादीतल्या कादंबऱ्यांच्या जागेवर नको, सोबतीला वाचा. लेखकाने जगलेलं आणि रचलेलं यांची सरमिसळ झाली की दोन्हींचं माप चुकतं.

मराठीतलं मराठी

चार मराठी पुस्तकं निवडताना सगळी एकाच बोलीतली घेऊ नका. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) वऱ्हाडीत बोलते, रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' (१९७१) मराठवाड्यातली, आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) कोल्हापूरच्या बाजूची, श्री. ना. पेंडशांची 'गारंबीचा बापू' (१९५२) कोकणातली. पुण्या-मुंबईच्या छापील मराठीवर वाढलेल्या वाचकाला पहिली वीस पानं जड जातात. त्यावर उपाय एकच, संवाद मोठ्याने वाचायचे. डोळ्याला अनोळखी वाटणारा शब्द कानाला बहुतेक वेळा कळतो. शब्दकोश घेऊन बसू नका, त्याने लय तुटते आणि बोलीतले निम्मे शब्द कोशात सापडतही नाहीत.

गोव्यातल्या वाचकांनी एक कोंकणी पुस्तक घ्यावं. दामोदर मावजो यांची 'कार्मेलीन' (१९८१) आखातात कामाला जाणाऱ्या गोवेकर बाईची आहे आणि 'पण लक्षात कोण घेतो?'च्या जोडीला ऑस्टेनइतकीच चपखल बसते. देवनागरी कोंकणी मराठी वाचकाला थोड्या सवयीने वाचता येते.

अनुवाद पारखताना

बारांपैकी निम्मी पुस्तकं अनुवादित असणार, तेव्हा इथे कंजुषी केली तर वर्ष वाया जातं. पुस्तक उघडल्यावर मुखपृष्ठ सोडून आतलं श्रेयपान पाहा. तिथे चार गोष्टी शोधायच्या: अनुवादकाचं नाव, अनुवाद थेट मूळ भाषेतून आहे की हिंदी-इंग्रजीवरून, मूळ पुस्तकाचं वर्ष, आणि 'संक्षिप्त' किंवा 'रूपांतर' असा शब्द. अनुवादकाचं नावच नसेल तर पुस्तक खाली ठेवा. 'संक्षिप्त' असेल तर तेही. अभिजात कादंबरीत कापला जातो तो बहुधा तिचा जीव असतो. 'रूपांतर' म्हणजे नावं-गावंसुद्धा बदललेली असू शकतात. वाचायला मजा येईल, पण मग ते त्या देशाचं पुस्तक म्हणून यादीत धरता येणार नाही.

भारतीय भाषांसाठी पसंतीचा क्रम असा ठेवा. मूळ भाषेतून थेट केलेला मराठी अनुवाद पहिला. तो नसेल तर थेट केलेला हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद. तिसऱ्या भाषेवरून मराठीत आलेला शेवटी. कारण बघा: बंगालीत मावशी, काकू, आत्या, मामी यांना वेगवेगळे शब्द आहेत. इंग्रजीत सगळ्यांची 'आंटी' होते, आणि तिथून मराठीत येताना अनुवादक अंदाजाने 'काकू' लिहितो. आईची बहीण बापाच्या भावाची बायको झाली की घरातल्या वाटणीचा, मानपानाचा सगळा प्रसंग उलटापालटा होतो. तू-तुम्ही-आपण यांचंही तेच. सून सासऱ्याला 'तू' म्हणताना दिसली तर समजा मजकूर इंग्रजीवरून आलाय.

दुकानात उभ्या-उभ्या पाच मिनिटांत पारख होते. पहिलं पान वाचा. मग मधलं संवादांचं एक पान आणि वर्णनाचं एक पान. संवाद कुणाच्या तरी तोंडचे वाटतात का? खाण्याचे पदार्थ, शेतीची अवजारं, सण यांची नावं आहेत की सगळं 'एक प्रकारचा पदार्थ' झालंय? एका वाक्यात तीन-तीन 'जो-तो', 'ज्याने-त्याने' आले तर पुढची दोनशे पानंही तशीच असणार.

हिंदी मूळातूनच वाचा. सुरुवात प्रेमचंदांच्या 'ईदगाह', 'पूस की रात', 'कफन' या कथांनी केली तर 'गोदान' जड जात नाही. 'मैला आँचल' मात्र पहिलं हिंदी पुस्तक म्हणून घेऊ नका, तिथली बोली हिंदी भाषकांनाही थांबवते. उर्दूसाठी एक चांगली सोय आहे: मंटो, इस्मत चुगताई यांच्या कथा देवनागरी लिप्यंतरात मिळतात. ते भाषांतर नसतं, लिपी तेवढी बदललेली असते, आणि कठीण शब्दांचे अर्थ बऱ्याचदा तळाला दिलेले असतात. 'टोबा टेक सिंह' अशा प्रतीतून वाचली तर मंटोचं वाक्य जसंच्या तसं भेटतं.

इंग्रजी अनुवादातही मतं वेगवेगळी असतात. 'हार्ट लॅम्प'च्या अनुवादक दीपा भास्ती यांनी कन्नड-उर्दू शब्द तळटीप न देता तसेच ठेवले आहेत. २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर मिळालेलं हे पुस्तक मराठी वाचकाला म्हणूनच परकं वाटत नाही, अर्धे शब्द आपल्या शेजारचेच आहेत.

पुस्तकं मिळवणं

बाराच्या बारा एकदम विकत घेऊ नका. आधी जवळच्या शासनमान्य सार्वजनिक वाचनालयात वर्गणी भरा. अनामत परत मिळते आणि मासिक वर्गणी एका पुस्तकाच्या किमतीपेक्षा खूपच कमी असते. ज्यांची छपाई थांबली आहे अशी जुनी मराठी पुस्तकं तिथेच सापडतात. मुंबई, ठाणे आणि पुण्याची मराठी ग्रंथालयं शंभर वर्षांहून जुनी आहेत, त्यांचे साठे मोठे आहेत. दशांश वर्गीकरण असेल तर मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३ या क्रमांकाखाली मिळेल. तसं नसेल तर लेखकाच्या आडनावाने विचारा.

भारतीय भाषांतल्या अनुवादांसाठी दोन सरकारी संस्था आधी पाहा: साहित्य अकादमी (स्थापना १९५४) आणि नॅशनल बुक ट्रस्ट (१९५७). दोन्हींची पुस्तकं स्वस्त असतात. अकादमीचं पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत दादरला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय मार्गावर आहे. या संस्थांची पुस्तकं लहान दुकानांत फारशी नसतात, पण साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात त्यांची दालनं असतात. तिथे जाताना यादी सोबत ठेवा, नाहीतर हात भलतीकडेच जातो.

जुनी पुस्तकं फुकट आणि कायदेशीर वाचता येतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षांनी मजकूर कॉपीराइटमधून मुक्त होतो. आपटे १९१९ साली गेले, मंटो १९५५ साली. दोघांचा मूळ मजकूर मुक्त आहे. अण्णा भाऊ १९६९ साली गेले, त्यामुळे 'फकिरा' १ जानेवारी २०३० पर्यंत विकत किंवा वाचनालयातूनच घ्यायची. अनुवादकाचा हक्क मात्र वेगळा मोजला जातो. मूळ रशियन कादंबरी मुक्त असली तरी काल-परवा झालेला तिचा मराठी अनुवाद मुक्त नसतो. मराठी विकिस्रोत आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग इथे मुक्त मजकूर नीट तपासलेला मिळतो. परदेशात राहणाऱ्यांनी तिथला कायदा पाहावा, मुदती वेगळ्या असतात.

क्रम आणि वाचताना

पहिलं पुस्तक सगळ्यात छोटं ठेवा. जोडीतली दोन पुस्तकं लागोपाठ वाचा, मध्ये महिन्याहून जास्त खंड पडला की तुलना विरते. जाड कादंबरीनंतर कथासंग्रह ठेवा. कथासंग्रह मात्र कादंबरीसारखा सलग वाचू नका. मंटोच्या पाच कथा एका बैठकीत वाचल्या तर पाचवी बधिर मनाने वाचली जाते. दिवसाला एक पुरे.

अभ्यासकाची प्रस्तावना शेवटी वाचा. आपल्याकडच्या प्रस्तावनांत शेवट सर्रास सांगून टाकलेला असतो. सुरुवातीला फक्त लेखकाचं चार ओळींचं मनोगत आणि पहिल्या आवृत्तीचं वर्ष पाहा. हातातली दहावी आवृत्ती २०१९ ची असली तरी वहीत वर्ष पहिल्या आवृत्तीचंच लिहायचं, नाहीतर काळाचा रकाना खोटा पडतो.

रशियन कादंबरीत नवे वाचक नावांपाशी हमखास अडतात. पद्धत आपल्यासारखीच आहे: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दोस्तोव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा'मधला रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव्ह म्हणजे रोमानचा मुलगा रोदिओन. अनोळखी लोक आडनाव घेतात, मान देताना पहिली दोन नावं एकत्र येतात, आणि आई-बहिणीला तो रोद्या असतो. बायकांच्या आडनावाला 'आ' लागतो, म्हणून कारेनिनची बायको कारेनिना. जाड कागदाची एक पट्टी खूण म्हणून ठेवा आणि तिच्यावर माणूस आला की त्याची सगळी नावं एका ओळीत लिहा. पन्नास पानांत पट्टी भरते आणि पुढे लागत नाही. दक्षिणेतल्या आणि बंगाली कादंबऱ्यांनाही ही पट्टी उपयोगी पडते.

प्रत्येक पुस्तक संपल्यावर वहीत पाच ओळींहून जास्त लिहू नका. जोडीच्या प्रश्नाचं उत्तर काय मिळालं ते दोन ओळींत, लक्षात राहिलेला एक प्रसंग, आणि कोणत्या पानावर मन अडलं. लांब टिपणं काढायला लागलात की तिसऱ्या पुस्तकापासून वही मागे पडते आणि तिच्या धाकाने वाचनही.

पुस्तक पुढे सरकत नसेल तर

साठ पानं वाचा. छोट्या कादंबरीत चाळीस. तरी सरकलं नाही तर आधी कारण पाहा, लगेच सोडू नका. संवाद लाकडी वाटतात पण प्रसंग ओढतात? मग दोष अनुवादाचा आहे, दुसरा अनुवाद किंवा दुसरी भाषा शोधा. भाषा कळते पण कोण कुणाचं कोण ते कळत नाही? मग नावांची पट्टी करून पहिल्या पानापासून पुन्हा वाचा, दुसऱ्यांदा निम्मा वेळ लागतो. 'पण लक्षात कोण घेतो?'सारखी कादंबरी संथ वाटत असेल तर ती आधी 'करमणूक' या साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने छापली गेली होती हे आठवा आणि तशीच वाचा: आठवड्याला दोन-तीन प्रकरणं, सोबत दुसरं एखादं छोटं पुस्तक. यमू स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगते आहे, ते बोलणं घाईत ऐकवत नाही.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर पुस्तक खुशाल परत करा, राखीव यादीतलं उचला, आणि वहीत सोडलेल्या पानाचा आकडा लिहून ठेवा. जोडीतलं एक सुटलं तर दुसरं सोडायची गरज नाही, त्याला नवा जोडीदार द्या. 'खसाक' जमलं नाही तर 'बनगरवाडी'शेजारी 'ब्र' ठेवून बघा, तिथेही आदिवासी गावांतल्या महिला सरपंचांमध्ये काम करायला बाहेरून एक बाई येते. वर्ष संपताना ज्या जोडीवर वहीत सगळ्यात जास्त लिहिलं गेलंय, पुढच्या वर्षाची पहिली दोन पुस्तकं त्याच परिस्थितीतून निवडा.